पनवेल ते महाड : एका उन्हाळ्याची पायपीट

पनवेलचा उन्हाळा म्हणजे घामाचा आणि हंड्यांचा उन्हाळा. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे जुने गाव. २०१६ पासून येथे महानगरपालिका आहे. गाढी नदीवरचे देहरंग धरण शहराला पाणी देते, पण शिमगा जवळ आला की धरणाचा तळ दिसू लागतो आणि आमच्या वस्तीत नळाची वेळ हाच बोलण्याचा मुख्य विषय होतो. आणि नेमके हेच महिने आपल्या आनंदाचेही! २० मार्चचा चवदार तळ्याचा दिवस, ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची आणि मग वैशाखी पौर्णिमा. रिकामा हंडा आणि निळा झेंडा दोन्ही एकाच दारात उभे असतात.

२०२५ चा उन्हाळा आम्हा उभयतांसाठी आणखी एका कारणाने वेगळा होता. आमचा मंगल परिणय १८ मे २००० रोजी झाला. त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. म्हणजे २०२५ च्या बुद्ध पौर्णिमेला, १२ मे रोजी, संसाराला पंचवीस वर्षे होणार होती. एकाचे आयुष्य निमसरकारी कार्यालयातील टेबलावर गेले, दुसरीचे शिवणयंत्रावर. दोन मुले शिकली, घराचे हप्ते फिटत आले. नातेवाईक म्हणाले, हॉल घ्या, कॅटरर बघा, डीजे सांगा. आम्ही पंचवीस हजार रुपये बाजूला काढलेही होते. पण हॉलमध्ये दोन तास खुर्चीवर बसून पुष्पगुच्छ घेण्याचा विचार मनाला पटेना. पंचवीस वर्षे आम्ही बसून काढली नव्हती, मग रौप्यमहोत्सव तरी बसून का करायचा?

वस्तीच्या विहारात एक अभ्यासिका आहे. वर पत्रा, खाली दोन लांब टेबले. संध्याकाळी तेथे पोलीस भरतीची, बँकेची तयारी करणारी मुले-मुली बसतात. एप्रिल लागला की पत्रा असा तापतो की मुली यायच्या बंद होतात. प्यायला पाणी नाही आणि पंखा एकच, तोही मुलांच्या टेबलावर. परीक्षा मात्र पावसाळ्याची वाट पाहत नाहीत. तेव्हा आमचे ठरले : या उन्हाळ्यात साजरे करायचे ते अभ्यासिकेसाठी. पायी महाडला जायचे, जयंतीला गाणी ऐकायची, पौर्णिमेला वस्तीला खीर घालायची आणि या सगळ्यातून पैसा उभा करायचा.

मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होते. तिच्यात धावणारे लोक संस्थांसाठी देणग्या गोळा करतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आपल्या माणसाला धावायची सवय नाही, पण चालायची आहे. आपल्या आयाबायांनी पाण्यासाठी, सरपणासाठी जेवढे चालून घेतले तेवढे कोणत्याही मॅरेथॉनमध्ये होत नसेल. पनवेल ते महाड हा मुंबई–गोवा महामार्गाचा टप्पा सुमारे १२० किलोमीटरचा. किलोमीटरमागे एक रुपया या हिशेबाने प्रत्येक देणगीदाराचे १२० रुपये. वही घेऊन आम्ही दारोदार फिरलो. रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या ताई, बाजारातले हमाल, कार्यालयातले शिपाई. एका मावशीने विचारले, "आणि वाटेत बसलात तर?" आम्ही म्हटले, "जेवढे चालू तेवढेच घेऊ." तिने लगेच नाव लिहायला सांगितले.

तरुण मंडळींचा विरोध झाला, तो लपवायचे कारण नाही. जयंतीच्या डीजेसाठी त्यांची इसारतही देऊन झाली होती. एक मुलगा, कंटेनर यार्डात काम करणारा, तोंडावर म्हणाला, "काका, तुम्ही चाला, आम्ही नाचतो." बैठक रात्री बारापर्यंत चालली. शेवटी तडजोड अशी झाली की १३ एप्रिलच्या रात्री गायन पार्टी आणि १४ च्या मिरवणुकीत दोन तास डीजे. आम्हाला डीजे आवडत नाही. छातीत धडधडते आणि शब्द ऐकू येत नाहीत. पण मुलांना नाचू नका म्हणून सांगण्याचा अधिकार आमच्याकडे कोणी दिलेला नाही.

आम्ही निघालो १४ मार्चला, धुळवडीच्या पहाटे साडेचारला. धुळवडीची सुट्टी, शनिवार-रविवार आणि चार किरकोळ रजा, असे गणित जुळवले होते. एकूण १९ माणसे, त्यात ८ बाया. नियम कडक केले. चालायचे पहाटे ते सकाळी दहा आणि पुन्हा साडेचार ते अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळी सावली सोडायची नाही. त्याला कारण होते. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्याच पनवेल तालुक्यात, खारघरच्या उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसे गेली. श्रद्धेने आलेली, कष्टकरी घरांतली माणसे. कोणताही सोहळा माणसाच्या जिवापेक्षा मोठा नसतो, एवढे तरी आपण त्यावरून शिकलेच पाहिजे.

पळस्पे फाट्यावर उजाडले. येथे गोव्याचा रस्ता फुटतो आणि येथेच सोनबा येलवेंचे नाव निघते. वडीलधारी माणसे सांगतात ती गोष्ट अशी. बाबासाहेब महाडकडे जात असताना पनवेलजवळ थांबले, त्यांना पाणी हवे होते आणि हॉटेलवाल्याने ते दिले नाही. सोनबाला कळले तसा तो घराकडे धावला. पाणी घेऊन परत येईपर्यंत मोटार निघून गेली होती. त्यानंतर बाबासाहेब पुन्हा या वाटेने येतील म्हणून तो रोज पाण्याचे मडके घेऊन रस्त्यावर बसू लागला. दिवस गेले, वर्षे गेली, तो बसतच राहिला आणि वाट पाहता पाहताच गेला. आम्ही ही गोष्ट कितीदा ऐकली असेल, पण आजवर एस.टी.च्या खिडकीतून. त्या दिवशी फाट्यावर उभे राहून पाठीवरची बाटली उघडली, तेव्हा पहिला घोट घशाखाली जाईना.

पुढे शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. मग कर्नाळ्याची खिंड. अभयारण्याच्या झाडीत गारवा मिळाला, पक्ष्यांचे आवाज आले आणि किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा वर दिसला. खिंड उतरली की तारा गाव आणि मग खारपाड्याला पाताळगंगेचा पूल. पहिला मुक्काम त्या बाजूलाच केला. आमच्यातील एकीचा गुडघा तेथेच बोलू लागला होता. खोबरेल तेल, गरम कापड आणि "आता परत फिरायचे नाही" एवढेच औषध. महामार्गाचे सुख मोटारवाल्यांना, पायी चालणाऱ्याला नाही. डंपरची धूळ, कडेला तुटलेली खडी आणि धुळवडीचे रंग लावून सुसाट जाणाऱ्या मोटारसायकली. यार्डातला तो मुलगा दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. का आला ते त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. पेणपर्यंत चालला आणि ड्युटीसाठी एस.टी.ने परत गेला. जाताना आपली टोपी मात्र एका आजींच्या डोक्यावर घालून गेला.

पेणच्या गणपतींची ख्याती साऱ्या जगात आहे. त्याच तालुक्याचा खारेपाट फारसा कोणाला ठाऊक नाही. खाडीकडची जमीन, विहिरी खाऱ्या, आणि उन्हाळ्यात टँकर. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो खाडीतून समुद्रात जातो. वडखळच्या पुढे, तिसऱ्या दिवशी सकाळी, एका फाट्यावर आम्ही थांबलो. बाटल्या संपल्या होत्या. समोरच्या घरातील बाईने न विचारता हाक मारली. दारात निळे पिंप होते, झाकणावर दगड ठेवलेला. तिने तांब्याने मोजून प्रत्येकाला पेलाभर पाणी दिले. आमच्यातील एकाने बाटली पुढे केली, तेव्हा दुसऱ्याने त्याचा हात मागे घेतला, कारण पिंपाचा तळ सगळ्यांनाच दिसला होता.

"कुठशी आलाव?" तिने विचारले.

"पनवेलहून."

"मंग आमचा पानी तुमच्याकडंच जातं ना?"

ती हसत होती, पण खोटे बोलत नव्हती. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी सिडकोने खारघर, उलवे अशा नव्या वसाहतींसाठी नेले आणि धरणाच्याच तालुक्यातील खारेपाटाने वर्षानुवर्षे पाण्यासाठी मोर्चे काढले. आमच्या नळाला हेटवण्याचे नव्हे तर देहरंगचे येते, असा खुलासा करता आला असता. कार्यालयात रोज असे खुलासे लिहून आमचा हात बसलेला आहे. पण तिच्या पेल्यातले पाणी पिऊन झाल्यावर तो खुलासा कोणत्या तोंडाने करणार? तिने आमची जात विचारली नाही. पिंप भरायला टँकर कधी येणार, हे आम्हीही विचारले नाही. तेथून निघाल्यावर मैलभर कोणी बोलले नाही.

नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव ही नावे आता पायांच्या फोडांवरून आठवतात. इंदापूर आणि माणगावच्या बाह्यवळणांची कामे २०२५ सालीही अपुरी होती, त्यामुळे सगळी वाहतूक बाजारातून, आणि आम्ही तिच्या कडेने एकामागोमाग एक. गावोगावच्या आपल्या बांधवांनी मात्र काही कमी पडू दिले नाही. कुठे भाकरी-सुकट, कुठे वालाची उसळ, एका ठिकाणी गार कलिंगड. रात्री समाजमंदिरात पाठ टेकली की कोणीतरी हळूच गाणे धरायचे. वाद्य नाही, फक्त टाळी. दिवसभर पायांनी मागितलेला ठेका रात्री हाताने दिला जायचा. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ मध्ये स्थापन झालेले. त्याच्या फाटकाशी आमच्यातील आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नातू इथं शिकला असता, पण फॉर्म भरायची तारीख गेली." अभ्यासिकेत अर्ज भरून देणारे कोणीतरी बसले पाहिजे, हा मुद्दा तेथेच वहीत लिहिला.

महाड येण्याआधी उजव्या... डाव्या हाताचा हिशेब सोडा, डोंगराच्या कुशीत गांधारपाल्याची लेणी रस्त्यावरूनच दिसतात. सहाव्या दिवशी, १९ मार्चला, दुपार टळल्यावर आम्ही पायऱ्या चढलो. गुडघेवाली सगळ्यांच्या पुढे! ही बौद्ध लेणी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. येथील एका शिलालेखात विण्हुपालित नावाच्या राजकुमाराने दिलेल्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, आणि त्यांच्याबरोबर पाण्याची टाकी. त्या काळच्या भाषेत टाक्याला पोढी म्हणत. दान देणाऱ्याने भिक्खूंच्या निवाऱ्याबरोबर त्यांच्या तहानेचीही सोय केली आणि तिची नोंद दगडात कोरून ठेवली. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात पुढे आपल्या पूर्वजांना तळ्यावर पाणी नाकारले गेले. मधल्या शतकांत या भूमीवर काय काय झाले असेल, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ ओसरीत बसलो. खाली सावित्रीचे पात्र उन्हात चमकत होते.

महाडचा इतिहास आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही, पण काही तारखा नव्या पिढीने पाठ कराव्यात. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद झाला, पाणी मात्र बंदच राहिले. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. उशाशी भरलेले तळे, आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. मग कोर्टकचेरी. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. कार्यालयात काम करणाऱ्या आमच्यासारख्याला यात एक गोष्ट फार जाणवते. ठराव आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये कोणाला तरी चालत जावे लागते.

२० मार्चला तळ्यावर माणसांचा महापूर. पुस्तकांचे स्टॉल, निळे फेटे, कडेवर लेकरे. आम्ही रांगेत उभे राहून पुतळ्याला वंदन केले, त्रिशरण-पंचशील झाले. संध्याकाळच्या एस.टी.ने निघालो. जो रस्ता सहा दिवसांत तुडवला तो चार तासांत मागे गेला. खिडकीतून तो फाटा ओळखायचा आम्ही प्रयत्न केला, पण अंधार होता.

आता गाण्याच्या रात्रीविषयी. आमच्या लहानपणी जयंतीच्या आदल्या रात्री दोन गायन पार्ट्यांचा सामना होई. वामनदादा कर्डकांची गाणी गावागावांत पोचली ती अशाच रात्रींमधून. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज भोंग्यातून दोन वस्त्या पलीकडे जाई. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ या एकाच वर्षी गेले. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपुरात भर मंचावर गेले. कलावंत गेले, पण ढोलकी राहिली. १३ एप्रिलला आमच्या वस्तीत दोन पार्ट्या आल्या, एक पुरुष गायकाची, एक गायिकेची. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो आणि मागे चार जणांचा कोरस. गायिका दिवसा सफाईचे काम करते, ढोलकीवाला बाजार समितीत ओझी उचलतो. त्याची बोटे पाहिली की कळते, हा ताल कशातून आला आहे.

तिने माता रमाईवरचे गाणे धरले आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मग दुसऱ्या पार्टीने सवाल टाकला, तिने तिथल्या तिथे शब्द जुळवून जवाब दिला. लोक उठून दहा-वीसच्या नोटा देऊ लागले, नावे पुकारली जाऊ लागली. काही जणांनी सुचवले की ही बक्षिसी अभ्यासिकेच्या निधीत टाकावी. आम्ही साफ नकार दिला. बक्षिसी कलावंताची. त्याच्या ताटातले उचलून दान करणे हे दान नव्हे. निधीसाठी मंचाखाली वेगळा डबा ठेवला होता. पोलिसांची परवानगी बारापर्यंत होती. बारा वाजता फटाके फुटले, केक कापला गेला, आणि भोंगा बंद झाल्यावरही ढोलकी अर्धा तास वाजत राहिली. यार्डातला मुलगा कोरसमध्ये जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी तो डीजेपुढेही तेवढाच नाचला.

१२ मेला, बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी, विहारात वंदना झाली, वस्तीला खीर वाटली. आमचा रौप्यमहोत्सव म्हणून मुलांनी दोघांच्या हातात एकेक पिंपळाचे रोप दिले. भाषणे नाहीत. संध्याकाळी हिशेब वाचला. चालण्याचे ३४,६०० रुपये, डब्यातले ६,८७० आणि आमच्या हॉलचे वाचलेले २५,०००, मिळून ६६,४७०. त्यातून पाण्याचा फिल्टर व टाकी, चार पंखे, त्यांचे वायरिंग आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके असे ४५,४०० खर्च. पंख्यांपैकी दोन मुलींच्या टेबलावर लागले, आणि ते आम्ही उभे राहून लावून घेतले.

उरले २१,०७० रुपये. ते वर्षाच्या वीजबिलासाठी बँकेत ठेवायचे, असे बहुतेकांचे मत. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "त्या बाईच्या पिंपाचं काय?" सभेत पुन्हा वाद झाला. एका फाट्याने खारेपाट भिजत नाही, असे एक जण म्हणाला, आणि ते खरेच होते. तरी ५,७०० रुपये मंजूर झाले, मोठी प्लॅस्टिकची टाकी आणि टेम्पोचे भाडे मिळून. १८ मेच्या रविवारी आम्ही उभयता आणि तो मुलगा टाकी घेऊन गेलो. बाईने आम्हाला ओळखले नाही. टाकीभोवती एक फेरी मारली, आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "टाकी आनली, पन पानी?"

गावकऱ्यांशी बोलून टाकी शाळेच्या पन्हळीखाली बसवली. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला.